एकट्याचा वाद्यवृंद

नभोवाणीवर एखादे गाणे लागण्यापूर्वी निवेदक गायकाचे नाव सांगतो आणि बाजूला होतो. त्या एका नावाच्या आडोशाला तबलजी असतो, पेटीवाला असतो, सारंगीवर किंवा व्हायोलिनवर साथ करणारे असतात. श्रोत्याला हे ठाऊक असते, म्हणून नाव एकच कानी पडले तरी त्याची फसगत होत नाही. पण ज्याने वाद्यवृंद कधी डोळ्यांनी पाहिलेलाच नाही, ज्याच्या लेखी संगीत म्हणजे एका पेटीतून येणारा आवाज, अशा एखाद्याने निवेदकाचे ते वाक्य अक्षरशः खरे मानले तर?

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, कोळशाच्या खाणींनी पोखरलेल्या डोंगरांमध्ये राहणाऱ्या एका मुलाने ते तसे मानले. ज्याचे नाव घेतले तोच गातो, तोच गिटार वाजवतो आणि बाकीची सारी वाद्येही तोच वाजवतो, अशी त्याची समजूत झाली. मग आपल्यालाही हे जमले पाहिजे, असे त्याने ठरवले. त्या गैरसमजावर त्याने पुढे जवळजवळ पन्नास वर्षांची कारकीर्द उभी केली. हॅसिल ॲडकिन्स हे त्याचे नाव. रॉकाबिली नावाच्या संगीतप्रकारात एकट्याने संपूर्ण वाद्यवृंद होऊन राहिलेला हा कलावंत होता.

त्याचा जन्म २९ एप्रिल १९३७ रोजी बून परगण्यात झाला. वडील खाणकामगार. दहा भावंडांत हा सर्वांत धाकटा. राहते घर म्हणजे डांबरी कागदाने मढवलेली खोपटी, आणि ती ज्या जमिनीवर उभी होती ती कोळसा कंपनीकडून भाड्याने घेतलेली. शाळेशी त्याचा संबंध नावापुरताच आला. पहिलीच्या वर्गात तो अवघे चार दिवस बसला असे सांगतात. या परगण्याला एक धगधगता इतिहास आहे. १९२१ च्या ऑगस्टमध्ये संघटना बांधण्याच्या हक्कासाठी सुमारे दहा हजार खाणकामगार हाती बंदुका घेऊन याच परगण्यातून शेजारच्या लोगन परगण्याकडे चालून गेले होते. ब्लेअर डोंगरावरची ती लढाई थांबवण्यास शेवटी केंद्र सरकारला फौज पाठवावी लागली. हॅसिलच्या वडिलांच्या पिढीने हे सारे पाहिले होते. हॅसिलच्या पिढीच्या वाट्याला मात्र दुसरेच दुःख आले. खाणीत यंत्रे आली आणि माणसांची गरज उरली नाही. १९५० साली वेस्ट व्हर्जिनियाची लोकसंख्या वीस लाखांच्या किंचित वर होती. १९६० साली ती साडेअठरा लाखांच्या आसपास उतरली. घरे ओस पडली, तरुण मुले ओहायो आणि मिशिगनमधील कारखान्यांकडे निघून गेली. हॅसिल गेला नाही. जन्मभर तो त्याच परगण्यात राहिला.

अशा दुर्गम खोऱ्यांत नभोवाणी ही चैनीची वस्तू नव्हती. बाहेरच्या जगाशी असलेला तो एकच धागा होता. दिवस मावळला की दूरदूरची केंद्रे ऐकू येऊ लागत. नॅशव्हिल येथील डब्ल्यूएसएम हे पन्नास हजार वॉटचे केंद्र. तेथून १९२५ पासून ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा ग्रामीण संगीताचा कार्यक्रम प्रसारित होत असे. १९४९ च्या जूनमध्ये त्या रंगमंचावर अलाबामाचा हँक विल्यम्स उभा राहिला आणि पाहता पाहता साऱ्या दक्षिणेचा लाडका झाला. साध्या शब्दांत एकाकीपण गाणारा असा गवई त्या संगीतात क्वचितच झाला असेल. हॅसिलने याच हँक विल्यम्सला नभोवाणीवर ऐकले. निवेदकाने सांगितले ते एवढेच, की हे गीत हँक विल्यम्सचे. त्याच्यामागे ‘ड्रिफ्टिंग काउबॉईज’ नावाचा संच होता, स्टील गिटारवर डॉन हेल्म्स होता, फिडलवर जेरी रिव्हर्स होता, हे त्या मुलाला कोण सांगणार? पुढे मुलाखतींतून ही हकीकत तो स्वतःच सांगत असे, आणि सांगताना त्यात संकोच नसे.

येथे एक गमतीची गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हँक विल्यम्सच्या बहुतेक ध्वनिमुद्रिकांत ढोल नाहीच. त्या काळच्या ग्रामीण संगीतात ढोलाला फारशी प्रतिष्ठा नव्हती. ताल धरण्याचे काम गिटार आणि खर्जातले उभे तंतुवाद्य, म्हणजे डबल बेस, यांवर सोपवलेले असे. हॅसिलला मात्र हात दोनच होते आणि ते गिटारीत गुंतलेले. तेव्हा उरलेला वाद्यवृंद पायांनीच वाजवणे भाग होते. एका पायाखाली मोठा ढोल आणि दुसऱ्या पायाखाली झांजांची जोडी, अशी मांडणी त्याने केली. नक्कल करायला निघालेला माणूस, साधने वेगळी असल्यामुळे, मुळात जे नव्हते तेच निर्माण करून बसला.

एकट्याने अनेक वाद्ये वाजवण्याची कल्पना काही त्याची नव्हे. मध्ययुगीन युरोपात एका हाताने तीन छिद्रांची बासरी आणि दुसऱ्या हाताने लहान ढोलकी वाजवणारे वादक जत्रांतून हिंडत. आपल्याकडे पहाटे दारी येणारा वासुदेव टाळ, चिपळ्या, पावा आणि पायांतील घुंगरू यांचा मेळ एकट्यानेच घालतो. अमेरिकेत तर कृष्णवर्णीय गायकांनी ही कला फार पुढे नेली होती. जॉर्जियात १८९६ साली जन्मलेला जेसी फुलर रेल्वेत, शेतावर, मिळेल तेथे मजुरी करीत कॅलिफोर्नियात पोहोचला. तेथे त्याने पायाने वाजवायचे एक खर्जातले तंतुवाद्य स्वतः बनवले आणि त्याला ‘फोटडेला’ असे नाव दिले. गिटार, माउथ ऑर्गन, झांज आणि फोटडेला ही सारी वाद्ये तो एका वेळी वाजवीत असे. मेम्फिसमध्ये जो हिल लुईस हा गिटार, माउथ ऑर्गन आणि ढोल घेऊन एकटाच बसे. सॅम फिलिप्स या ध्वनिमुद्रकाने १९५० साली स्वतःच्या नावाने जी पहिली तबकडी काढली, ती याच जो हिल लुईसची. तिच्या प्रती निघाल्या अवघ्या तीनशे. १९५७ साली धनुर्वाताने लुईसचा अकाली अंत झाला.

या मंडळींच्या एकटेपणामागे व्यवहार होता. रस्त्याच्या कोपऱ्यावर किंवा लहानशा गुत्त्यात मिळणारी बिदागी चौघांत वाटली तर कोणाचेच पोट भरत नसे. एकटा माणूस चौघांचा आवाज काढू शकला, तर ती सारी त्याच्या खिशात राही. हॅसिलचा एकटेपणा वेगळ्या मुळापासून उगवला होता. तो एकटा वाजवू लागला, कारण संगीत असेच असते, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

आता रॉकाबिली म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. डोंगरी, ग्रामीण गोऱ्या लोकांना अमेरिकेत काहीशा तुच्छतेने ‘हिलबिली’ म्हणत आणि त्यांच्या संगीतालाही तेच नाव होते. या संगीतात कृष्णवर्णीयांच्या ‘रिदम अँड ब्लूज’ची लय मिसळली आणि ‘रॉक’ व ‘हिलबिली’ यांच्या जोडातून रॉकाबिली हा शब्द तयार झाला. १९५४ च्या जुलैमध्ये त्याच सॅम फिलिप्सच्या मेम्फिसमधील खोलीत एल्व्हिस प्रेस्ली, स्कॉटी मूर आणि बिल ब्लॅक या तिघांनी जे गीत ध्वनिमुद्रित केले, ते या प्रकाराचे प्रारंभस्थान मानले जाते. त्यातही ढोल नाही. बिल ब्लॅक आपल्या डबल बेसच्या तारा ओढून लाकडी पट्टीवर आपटीत असे, आणि त्या फटकाऱ्यातच ताल होता. फितीवरील आवाज किंचित उशिराने पुन्हा ऐकवून फिलिप्सने त्याला प्रतिध्वनीची जोड दिली. तीन माणसे आणि थोडी युक्ती, एवढ्यावर हे संगीत उभे होते. काटकसर हा त्याचा गुणच होता. चार-पाच वर्षांत त्याचा बहर ओसरला. मोठ्या कंपन्यांनी ते धुऊनपुसून, गुळगुळीत करून विकायला काढले.

ही काटकसर हॅसिल ॲडकिन्सने शेवटच्या टोकाला नेली. जे तिघांत भागत होते ते त्याने एकात भागवले. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून तो घरातल्या घरात, साध्या ध्वनिफीत-यंत्रावर आपली गीते उतरवू लागला. ती आज ऐकताना प्रथम जाणवतो तो त्यांचा ओबडधोबडपणा. आवाज फाटतो, गिटार खरखरते, ढोलाचा ठोका जणू शेजारच्या खोलीतून येतो. मध्येच तो किंचाळतो, हसतो, कुजबुजतो. पहिल्या श्रवणी एखाद्याला वाटावे, की हा खेळ वेड्याचा आहे.

परंतु थोडा धीर धरून पुन्हा ऐकले, तर त्या गोंधळाची एक शिस्त ध्यानात येते. चार माणसे एकत्र वाजवतात तेव्हा त्यांना आवर्तनाचा हिशेब पाळावाच लागतो. सम चुकली तर सारा मेळ कोसळतो. एकट्या माणसावर हे बंधन नसते. एखादा शब्द त्याला लांबवावासा वाटला की पाय त्याच्यासाठी थांबतात. श्वास लवकर संपला तर मात्राही लवकर संपते. ॲडकिन्सच्या गाण्यात लय ही गळ्याची चाकर आहे. गाण्याला रंग चढला की गती वाढते आणि ढोल तिच्यामागून धावतो. कसलेल्या वाद्यवृंदाला हे साधणे जवळजवळ अशक्य, कारण एकाच्या उरातली धडधड दुसऱ्याच्या पायांत तत्क्षणी उतरत नाही. येथे ऊर आणि पाय एकाच देहाचे होते.

त्याच्या गीतांचे विषयही या एकांतातूनच आलेले. ‘द हंच’ हे त्याने स्वतःच कल्पिलेल्या एका नाचाचे गीत. कोंबडी हा त्याचा आवडता विषय. कोंबडीवरील त्याच्या गीतांचाच एक स्वतंत्र संग्रह २००० साली निघाला. रशियाने १९५७ साली कृत्रिम उपग्रह सोडला तेव्हा साऱ्या जगाने आकाशाकडे पाहिले; बून परगण्यातील त्या खोपटीतही त्याचे पडसाद उमटले आणि ‘बिग रेड सॅटेलाइट’ हे गीत झाले. काही गीतांत प्रेयसीचे मुंडके उडवण्याची भाषा आहे. ते विनोदाने घ्यावे की भयाने, हे ठरवणे श्रोत्याला जड जाते, आणि ती अडचण लपवण्याचे कारण नाही. आपल्याजवळ सात हजारांवर गीते आहेत, असे तो सांगत असे.

या गीतांचे पुढे काय झाले? तो ती फितीवर उतरवून ध्वनिमुद्रण-कंपन्यांना टपालाने पाठवीत राहिला आणि नकार पचवीत राहिला. १९६० च्या दशकात अगदी लहान, स्थानिक कंपन्यांनी त्याच्या काही तबकड्या काढल्या. ‘चिकन वॉक’, ‘शी सेड’ ही त्यांतलीच गीते. त्या परगण्याबाहेर फारशा गेल्या नाहीत. पण तोपर्यंत रॉकाबिलीचा हंगामच सरला होता. आपली गीते तो अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनाही पाठवी. १९७० साली राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्याकडून त्याला आभाराचे पत्र आले. ते सौजन्याचे, औपचारिक पत्र. पण ज्याला नकाराचीच सवय झाली होती, त्याला त्याचे मोल केवढे वाटले असेल! गावातल्या गुत्त्यांतून वाजवावे, घरी येऊन ध्वनिमुद्रण करावे आणि फिती साठवाव्या, असा क्रम वर्षानुवर्षे चालला.

दैवाचे फासे उलटले ते फार दूरच्या शहरात. जुन्या, विस्मृत तबकड्या धुंडाळणारी काही तरुण मंडळी न्यूयॉर्कमध्ये होती. त्यांपैकी ‘द क्रॅम्प्स’ या संचाने १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘शी सेड’ हे गीत नव्याने गायले, आणि हे मूळ गाणारा कोण, असा प्रश्न लोक विचारू लागले. याच संचात पूर्वी ढोल वाजवणारी मिरियम लिना आणि तिचा जोडीदार बिली मिलर यांनी १९८६ साली ‘नॉर्टन रेकॉर्ड्स’ ही संस्था काढली, तीच मुळी ॲडकिन्सची जुनी ध्वनिमुद्रणे प्रकाशात आणण्यासाठी. ‘आउट टु हंच’ हा तिचा पहिला संग्रह. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, तीस वर्षांपूर्वी घरात गायलेल्या गीतांमुळे, हा माणूस प्रसिद्ध झाला. मग नवी ध्वनिमुद्रणे झाली, मोठ्या शहरांतून जाहीर कार्यक्रम झाले. १९९३ साली ज्युलियन नित्झबर्ग याने त्याच्या जीवनावर एक माहितीपट काढला. रॉकाबिली आणि पंक यांच्या संयोगातून जन्मलेल्या ‘सायकोबिली’ या प्रकाराचा पूर्वज म्हणून त्याचे नाव घेतले जाऊ लागले.

गोष्ट येथे संपवली असती तर ती सुखान्त झाली असती. परंतु या उशिरा आलेल्या कीर्तीला एक बोचरा कंगोरा आहे. लोकांना हवा होता तो डोंगरातला रानटी माणूस. १९८७ सालच्या त्याच्या संग्रहाचे नावच ‘द वाइल्ड मॅन’. शहरी श्रोते त्याच्या किंचाळण्यावर टाळ्या पिटीत, त्याच्या कोंबड्यांवर हसत. हिलबिली या शब्दातील जुनी कुचेष्टा कौतुकाचा पोशाख घालून परत आली होती. तो त्या अपेक्षेला जागला. कलावंताला टाळीची भूक असतेच, आणि याची तर तीस वर्षांची होती. तथापि त्याच्या फितींच्या ढिगाऱ्यात दुसराही एक गायक होता. १९९० साली ‘मून ओव्हर मॅडिसन’ हा संग्रह निघाला. मॅडिसन हे बून परगण्याचे मुख्य गाव. या संग्रहात संथ, विरहाची, एकाकी रात्रीची गीते आहेत. येथे आरडाओरडा नाही. गिटारीचे मोजके सूर आहेत आणि कोणाची तरी वाट पाहणारा एक आवाज आहे. हँक विल्यम्सला ऐकणारा तो मुलगा येथे स्पष्ट दिसतो. त्याला ज्याच्यासारखे व्हायचे होते, त्याचा खरा वारसा या गीतांत आहे. पण जगाने त्याला ओळखले ते दुसऱ्याच गीतांमुळे.

हँक विल्यम्सचा शेवटही याच वेस्ट व्हर्जिनियात झाला, हा एक विलक्षण योगायोग. ओहायोतील कार्यक्रमासाठी मोटारीतून जात असता १९५३ सालच्या पहिल्याच दिवशी, ओक हिल या गावी, मागच्या आसनावर तो मृतावस्थेत आढळला. वय अवघे एकोणतीस. त्या वेळी हॅसिल पंधरा वर्षांचा होता.

हॅसिल ॲडकिन्स २००५ च्या एप्रिलमध्ये, अडुसष्टावा वाढदिवस तीन दिवसांवर आला असता, बून परगण्यातील आपल्या घरीच वारला. त्याच्या कलेचे मोल काय, याविषयी मतभेद राहतील. संगीतशास्त्राच्या कसोटीवर त्याच्या पुष्कळ गीतांना आपण सदोषच म्हणू. पण शास्त्राची कसोटी लावण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या खोऱ्यात जमीन कंपनीची, घर कंपनीच्या जमिनीवर, रोजगार कंपनीच्या लहरीवर, तेथे त्या मुलाला पूर्णपणे स्वतःचे असे काय मिळाले? दोन हात, दोन पाय, एक गळा आणि नभोवाणीवरून कानी पडलेला एक चुकीचा अर्थ. गैरसमज दूर करणारे कोणी भेटले असते, तर त्याने कदाचित साथीदार शोधले असते, ते परगणा सोडून कारखान्यात गेले असते, आणि त्यांच्याबरोबर गाणेही संपले असते.

आम्ही नभोवाणीवरून बोलणारी माणसे शब्द उच्चारतो आणि तो कोणत्या घरात, कोणाच्या कानी, कोणत्या अर्थाने पडला हे आम्हाला कधीच कळत नाही. नॅशव्हिलच्या वाटेने आलेल्या त्या निवेदनात अपुरेपणा होता. साथीदारांची नावे त्यात नव्हती. त्या अपुरेपणाची भरपाई एका मुलाने आपल्या हातापायांनी केली. म्हणूनच पुढे कधी एखाद्या निवेदकाने त्याची तबकडी लावण्यापूर्वी ‘हॅसिल ॲडकिन्स’ एवढेच नाव घेतले असेल, तर त्या निवेदनात काही राहून गेले नव्हते. मागे दुसरे कोणीच नव्हते.